पावसाळा वगळून मोजलेला समुद्र

जूनची पहिली तारीख उजाडली की डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत यांत्रिक बोटी धक्क्याला लागतात. जाळी धुऊन-सुकवून उचलली जातात, इंजिनं खोलली जातात आणि पुढचे दोन महिने मासेमारी बंद राहते. सरकारी आदेशात याची कारणं दोनच असतात: खवळलेल्या समुद्रात माणसं जाऊ नयेत आणि मासळीला विणीच्या काळात उसंत मिळावी. कोळीवाड्यांना हे कळायला आदेशाची गरज कधीच नव्हती. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटायची नाही, ही शिस्त कायद्याच्या कितीतरी आधीची. पावसाळ्यात समुद्रात काहीतरी मोलाचं घडतं, याबद्दल सरकार आणि कोळी यांचं एकमत आहे. अशी एकमतं फार नसतात.

पण त्याच समुद्रात बंदर बांधायचं किंवा भराव टाकायचं ठरलं की सरकारचं पंचांग बदलतं. अशा प्रकल्पाला मंजुरी देण्याआधी पर्यावरणीय आघात मूल्यमापनाचा अहवाल लागतो, ज्याला सगळे नुसतं ईआयए म्हणतात. २००६ च्या अधिसूचनेनुसार चालणाऱ्या या कामात प्रकल्पापूर्वीची स्थिती नोंदवायची असते. त्यासाठी रूढ झालेली अट अशी, की पावसाळा सोडून कोणत्याही एका हंगामाच्या नोंदी द्याव्यात. हंगाम म्हणजे साधारण तीन महिने. मोठ्या प्रकल्पात तज्ज्ञ समिती कधी जास्त मागते, कधी मागत नाही. जमिनीवरच्या कारखान्यासाठी या अटीत शहाणपण आहे. पावसाने धूळ खाली बसते, हवा धुऊन निघते आणि प्रदूषणाचा आकडा उगाच कमी दिसतो, म्हणून पावसाळा नको. तीच अट उचलून समुद्राला लावली गेली आणि तिथे ती उलटी पडली. कारण पश्चिम किनाऱ्याच्या समुद्राचं वर्ष पावसाळ्यातच ठरतं.

हे कसं घडतं ते गोव्यात नीट मोजलं गेलं आहे. दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ मध्ये सुरू झाली. तिथले शास्त्रज्ञ १९९७ पासून कांदोळीच्या किनाऱ्यासमोर ठरलेल्या जागी बोट नेतात, वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी बाटल्यांत भरून आणतात आणि त्यातला प्राणवायू, क्षार, प्लवक मोजतात. पुन्हा जातात, पुन्हा मोजतात. या उपक्रमाचं नाव ‘कांदोळी टाइम सिरीज’, म्हणजे निधी मागायला गेलं तर कुणाचंही लक्ष जाणार नाही असं. पण त्यातून जे कळलं ते थक्क करणारं आहे. नैर्ऋत्य मोसमी काळात खोल समुद्रातलं थंड, पोषकद्रव्यांनी भरलेलं पण प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडच्या उथळ तळावर चढून येतं. वरून पाऊस आणि नद्यांचं गोडं पाणी येतं, ते हलकं असल्याने वर तरंगतं आणि झाकण बसावं तसं बसतं. पोषकद्रव्यांवर प्लवक बेसुमार वाढतं, मरून खाली जातं, कुजतं आणि कुजताना तळाशी उरलेला प्राणवायू संपवतं. झाकणामुळे वरून नवा प्राणवायू पोहोचत नाही. पावसाळा सरता सरता तळाचं पाणी जवळजवळ प्राणवायूहीन होतं. कधी कधी तर त्यात कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो.

सय्यद वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिलं की या घुसमटलेल्या पाण्यातून नायट्रस ऑक्साइड हा हवामान तापवणारा वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो आणि ही घुसमट वाढते आहे. मासळीसाठी याचा अर्थ सरळ आहे. तळाशी राहणाऱ्या जीवांना पळावं लागतं किंवा मरावं लागतं. आणि याच काळात, याच पोषक पाण्यावर तारली-बांगड्याची पिल्लं पोसली जातात. मेजवानी आणि घुसमट एकाच पाण्यात, एकावर एक.

आता डिसेंबर ते फेब्रुवारी अशी तीन महिन्यांची पाहणी केली तर काय दिसेल? शांत, नितळ, प्राणवायूने भरलेलं पाणी. सल्लागार कंपनी खोटं लिहीत नाही. ती जे मोजते ते खरंच तसं असतं. फक्त ज्या काळात त्या समुद्राचं भवितव्य ठरतं, त्या काळात मोजायला कुणी गेलेलं नसतं. तळाशी आधीच जीव घुसमटत असताना खाडीच्या तोंडाशी गाळ उपसून आणखी गढूळपणा केला तर काय होईल, हा प्रश्न अशा अहवालात उभाच राहत नाही.

वेळेचं हे कोडं सर्वांत स्पष्ट दिसतं ते कासवांत. वेळासची गोष्ट मराठी वाचकाला पाठ आहे, निदान तिचा अर्धा भाग. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि सहकारी २००२ मध्ये समुद्री गरुडांची पाहणी करत मंडणगड तालुक्यातल्या या गावी पोहोचले आणि तिथल्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली. अंडी खाल्ली जात होती, विकलीही जात होती. संस्थेने गावातल्याच लोकांना राखणीला घेतलं, कुंपण घातलेल्या सुरक्षित जागेत अंडी हलवायला सुरुवात केली. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. मुंबई-पुण्याची माणसं पहाटे उठून चार सेंटिमीटरची पिल्लं लाटेकडे धावताना पाहू लागली आणि गावातल्या घरांत पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाची सोय झाली. पुढे वन विभाग आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी हे काम रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या कितीतरी किनाऱ्यांवर नेलं. आता गावोगाव कासवमित्र आहेत.

गोष्टीचा उरलेला अर्धा भाग लाटेच्या पलीकडे सुरू होतो, आणि तो फार कुणी विचारत नाही. ऑलिव्ह रिडले जातीची मादी वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे वेळासला सुरुवातीच्या वर्षांत सोडलेल्या पिल्लांपैकी जी मोजकी जगली असतील, ती गेल्या दशकभरात कुठेतरी अंडी घालू लागली असतील. कुठे? कोकणातच? इवल्या पिल्लाच्या वल्ह्यासारख्या पायावर कायमची खूणपट्टी बसवता येत नाही, त्यामुळे परत आलेली मादी वेळासचीच लेक आहे हे नुसतं पाहून ओळखता येत नाही. त्यात आणखी एक गुंता आहे. कासवाचं लिंग अंड्यातच, वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण २९-३० अंशांच्या वर माद्यांचं प्रमाण वाढत जातं, खाली नरांचं. कुंपणातल्या वाळूवर सावली किती, खड्डा किती खोल, यंदाचा फेब्रुवारी किती तापला, यावर पुढच्या पिढीतल्या नर-मादीचं गणित ठरतं. त्या गणिताचं उत्तर मात्र पंधरा वर्षांनी मिळायचं. एका आर्थिक वर्षात निधी खर्च करून मार्चअखेरीस अहवाल मागणाऱ्या व्यवस्थेला अशा प्राण्याशी जुळवून घेणं जडच जातं.

२०२२ च्या जानेवारीत भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी पश्चिम किनाऱ्यावर पहिल्यांदाच कासवांना उपग्रह टॅग लावले. वेळासच्या पहिल्या मादीचं नाव ‘प्रथमा’. मागोमाग सावनी, वनश्री, रेवा, लक्ष्मी. पुढच्या वर्षी गुहागरहून ‘बागेश्री’ आणि ‘गुहा’ निघाल्या. वर्तमानपत्रांत त्यांचे नकाशे छापून आले, लोक रोजच्या क्रिकेटच्या गुणांसारखी त्यांची खबर घेऊ लागले. बागेश्री दक्षिणेला उतरली, श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात शिरली. गुहा लक्षद्वीपच्या बाजूला रमली. मग एकामागून एक टॅग गप्प झाले, कारण अशी यंत्रं काही महिनेच चालतात. बॅटरी संपते, यंत्र निखळतं, कधी कासवच मरतं. सात कासवांवरून कोकणच्या कासवांबद्दल मोठं विधान करता येणार नाही, हे त्या कामातल्या शास्त्रज्ञांनाही ठाऊक आहे. बागेश्रीच्या वळशाने मात्र एक दार किलकिलं केलं. आपण पूर्व किनाऱ्याची आणि पश्चिम किनाऱ्याची म्हणून वेगळी धरत होतो ती कासवं खरंच वेगळी आहेत का?

उत्तराचा पहिला तुकडा उपग्रहाकडून आलाच नाही. तो आला धातूच्या एका छोट्या पट्टीवरून. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने ओडिशात सामुदायिक विणीसाठी येणाऱ्या हजारो कासवांच्या पायांना क्रमांक कोरलेल्या पट्ट्या लावल्या. त्यातली ०३२३३ क्रमांकाची पट्टी गहिरमाथ्याला १८ मार्च २०२१ रोजी एका मादीला लागली. २७ जानेवारी २०२५ रोजी तीच मादी गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. गहिरमाथा ते गुहागर म्हणजे श्रीलंकेच्या वळशाने सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. ओडिशात अंडी घालणारी मादी कोकणातही अंडी घालू शकते, याचा हा पहिला पुरावा.

हा पुरावा मिळायला काय लागलं ते पाहण्यासारखं आहे. एका टोकाला क्रमांकाची नोंद ठेवणारी, चार वर्षांनंतरही ती काढून देऊ शकणारी संस्था. दुसऱ्या टोकाला रात्री किनाऱ्यावर जागी असलेली, पट्टीचा क्रमांक वाचून कळवणारी माणसं. महागडं यंत्र कुठेच नाही. नोंदवही आणि चिकाटी यांच्या जोरावर जे कळलं ते तीन महिन्यांच्या कोणत्याही पाहणीत कळणं शक्य नव्हतं. याच धाग्याने पुढे गेलं तर कोकणातली कासवं वाचवण्याचा विचार एकट्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पातळीवर करता येणार नाही. ओडिशाच्या ट्रॉलरच्या जाळ्यात बुडणारी कासवं गुहागरची असू शकतात आणि उलटही.

कासवांच्या बाबतीत आणखी एका गोष्टीकडे काणाडोळा होतो. दर वर्षी घरटी वाढल्याच्या बातम्या येतात आणि त्या आनंदाच्या आहेतच. पण कासवमित्रही वाढले, गस्तीखालचे किनारेही वाढले. पूर्वी दहा किनाऱ्यांवर पाहणी होत असेल आणि आता त्याच्या कितीतरी पट किनाऱ्यांवर होत असेल, तर घरट्यांचा आकडा वाढणारच. कासवं वाढली की पाहणारे डोळे वाढले, हे सांगायचं तर घरट्यांच्या बरोबरीने कोणत्या रात्री किती माणसं किती किलोमीटर चालली, हेही लिहून ठेवावं लागतं. रटाळ काम आहे. त्याशिवाय आकडा म्हणजे नुसता उत्साह.

रटाळ कामाचं मोल सर्वांत आधी कुणी ओळखलं असेल तर मासळीवाल्यांनी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली. देशभरच्या बंदरांवर, ठरलेल्या पद्धतीने निवडलेल्या दिवशी तिचे लोक जाऊन बसतात, कोणत्या बोटीतून कोणती मासळी किती उतरली ते लिहितात. गेली कित्येक दशकं हे चालू आहे. म्हणूनच २०१२ मध्ये केरळात सुमारे ३ लाख ९० हजार टन तारली उतरली आणि २०२१ मध्ये अवघी ३,२९७ टन, हे ठामपणे सांगता येतं. तारली का ओसरली यावर वाद आहेत. अतिमासेमारी, एल निनो, पावसाचं बदललेलं वेळापत्रक, सगळं पुढे केलं जातं. पण ओसरली की नाही यावर वाद नाही, आणि सागरी धोरणात एवढा निर्विवादपणाही दुर्मिळ आहे.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा जाहीर केलं, तेही सातपाटीच्या मच्छीमारांच्या आग्रहावरून. त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवला गेला, त्याहून लहान मासळी पकडायची-विकायची नाही. चंदेरी पापलेटसाठी ही मर्यादा १३५ मिलिमीटर. हा आकडा कार्यालयात बसून ठरत नाही. मासा केवढा झाल्यावर पहिल्यांदा विणीला येतो हे कळायला वर्षभर दर महिन्याला बंदरातून मासे आणावे लागतात, त्यांची पोटं उघडून अंडाशयं तपासावी लागतात. आषाढातही. हा नियम बाजारात पाळला जातो का, हा भाग निराळा. कोणत्याही मोठ्या शहरातल्या मासळी बाजारात हाताच्या तळव्यात मावतील अशी पापलेटं उघड्यावर वाट्याने विकली जातात. तिथे विज्ञान कमी पडलेलं नाही, तपासणी कमी पडली आहे.

ठाण्याच्या खाडीतली गोष्ट जरा वेगळी आहे, कारण तिथे संशोधन झालं, मोठ्या प्रमाणावर झालं, आणि तरी ते नकाशावर उतरायला उशीर झाला. नव्वदच्या दशकात शिवडीच्या चिखलात फ्लेमिंगो मोठ्या संख्येने उतरू लागले. २०१५ मध्ये खाडीच्या एका भागाला अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती रामसर स्थळ झाली. या पक्ष्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने वर्षानुवर्षं काम केलं आहे. शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूच्या निमित्ताने पैसाही उपलब्ध झाला. (मुंबईच्या सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांनी खाडीतलं शेवाळ वाढवलं आणि त्यावर लहान फ्लेमिंगो पोसले गेले, असं एक गृहीतक आहे. ते खरं असेल तर मुंबईकरांनी या गुलाबी सोहळ्याचं श्रेय घ्यावं की लाज बाळगावी, हे ज्याचं त्याने ठरवावं.)

२०२२ मध्ये सोसायटीने सहा फ्लेमिंगोंना उपग्रह टॅग लावले. त्यातल्या ‘हुमायूं’ला नाव मिळालं ते पक्षितज्ज्ञ हुमायूं अब्दुलअली यांच्यावरून, आणि हा हुमायूं एका रात्रीत ठाण्याच्या खाडीतून गुजरातेत भावनगरला पोहोचला. पण शहराच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची माहिती दूरच्या प्रवासाची नव्हती, जवळच्या हालचालीची होती. ओहोटीला पक्षी खाडीच्या उघड्या चिखलात चरतात. भरती चढली की चिखल बुडतो, मग ते नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्सच्या बाजूच्या तलावांत आणि पाणथळ जागांत येऊन उभे राहतात. भरती-ओहोटीच्या तालावर दिवसातून दोनदा ही ये-जा चालते. अभयारण्याची सीमा खाडीत आखली, पण ओसरीला जागा देऊन घर काढून घ्यावं तसे हे तलाव सीमेबाहेर राहिले, भूखंड म्हणून. नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याची वाट अडली, तलाव आटला आणि २०२४ मध्ये तिथे काही फ्लेमिंगो मरून पडले. त्याच वर्षी २० मे रोजी घाटकोपरवर उतरत्या विमानाला थवा धडकला, एकोणचाळीस फ्लेमिंगो मेले. तलाव गेले तर पक्षी भलतीकडे वळतील आणि नवी मुंबईच्या नव्या विमानतळाच्या वाटेत येतील, हा इशारा पक्षितज्ज्ञ आधीपासून देत होते. २०२५ मध्ये अखेर राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली.

मुंबईच्या खडकाळ किनाऱ्याची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या गटाने ओहोटीच्या वेळी खडकांवर फिरून तिथल्या जीवांचे फोटो काढून नोंदी करायला सुरुवात केली. हाजी अली, वरळी, गिरगाव. समुद्रफुलं, गोगलगायी, आणि चक्क प्रवाळ. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला जीव शहराच्या नाल्यांच्या तोंडाशी तग धरून होता. याच किनाऱ्यावरून जाणाऱ्या कोस्टल रोडची किनारा नियमन मंजुरी मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये रद्द केली, डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, आणि २०२० मध्ये प्रवाळांच्या अठरा वसाहती उचलून दुसरीकडे हलवल्या गेल्या. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या दारातलं जीवन टिपायला सुट्टीच्या दिवशी गुडघाभर पाण्यात उतरणारे हौशी लोक लागले, याचा अभिमान वाटावा तितकंच वाईटही वाटतं.

या सगळ्याची खरी परीक्षा आता डहाणूजवळ आहे. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. खर्च सुमारे ७६ हजार कोटी रुपये, समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक बांध. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये स्थापन झालेल्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली, १९९८ मध्ये याच जागी बंदर नाकारलं होतं. त्याच प्राधिकरणाने, नव्या अध्यक्षांच्या काळात, ३१ जुलै २०२३ रोजी अटींसह परवानगी दिली. या पट्ट्याला मच्छीमार ‘गोल्डन बेल्ट’ म्हणतात. पापलेट, घोळ, दाढा, शेवंड, आणि डोलजाळ्यांत भरून येणारा बोंबील.

बंदर व्हावं की नाही यावर बरंच लिहून झालं आहे आणि पुढेही लिहिलं जाईल. इथे मुद्दा निराळा आहे. १९९८ चा नकार आणि २०२४ ची पायाभरणी यांच्यामध्ये सव्वीस वर्षं गेली. वाढवणसमोरचं पाणी, तळाचा गाळ, मासळीची पिल्लं, खडकांवरचे जीव यांच्या सलग नोंदी घ्यायला ही सव्वीस वर्षं हाताशी होती. इथे बंदर येऊ शकतं हे सरकारला ठाऊक होतं, विरोधकांनाही ठाऊक होतं. दर महिन्याला एक बोट जाऊन पाण्याच्या बाटल्या भरून आणत राहिली असती, तर आज दोन्ही बाजूंना एकमेकांच्या तोंडावर फेकायला सल्लागारांच्या अहवालांपेक्षा बरं काहीतरी असतं. पर्यावरणाच्या अभ्यासामुळे प्रकल्प रखडतात, असं उद्योगजगत नेहमी म्हणतं. वाढवणच्या बाबतीत रखडायला वेळ मिळाला आणि अभ्यासाला मिळाला नाही, असं म्हणणं जास्त खरं.

पावसाळ्यात बोट न्यायची कशी, हा आक्षेप खोटा नाही. जुलैच्या उधाणात माणसांना समुद्रात पाठवू नये. पण तरंगते बोये आणि तळाशी ठेवलेली नोंदयंत्रं वादळातही मोजत राहतात, खाडीच्या आतल्या भागात नमुने घेता येतात, आणि ऑगस्टपासून बोट नेण्यासारखे दिवस मिळतात. घुसमट तर त्यानंतरच शिगेला पोहोचते. कांदोळीला हे करून दाखवलं गेलं आहे. रत्नागिरीला कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी संशोधन केंद्र आहे, मत्स्य महाविद्यालय आहे. मुंबईत केंद्रीय संस्थांच्या शाखा आहेत, वर्सोव्याला मत्स्य शिक्षणाचं अभिमत विद्यापीठ आहे. माणसं आणि प्रयोगशाळा नव्याने उभारायची गरज नाही. डहाणू, मुंबई, श्रीवर्धन, रत्नागिरी, मालवण अशा पाच ठिकाणी बारमाही ठाणी असावीत आणि त्यांचा खर्च राज्याच्या अर्थसंकल्पात कायमच्या शीर्षाखाली असावा. प्रकल्पाच्या नावावर दिलेला पैसा प्रकल्पाबरोबर संपतो.

दुसरी दुरुस्ती नियमाची. पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रकल्पांसाठी पावसाळ्याच्या आणि त्यानंतर लगेचच्या नोंदी बंधनकारक व्हाव्यात, वगळलेल्या नव्हेत. आणि ईआयएसाठी गोळा केलेली मूळ आकडेवारी सार्वजनिक व्हावी. आज ती प्रकल्पाच्या प्रवर्तकाने पैसे देऊन करून घेतलेली असते, शेकडो पानांच्या अहवालाच्या परिशिष्टात सारांशरूपाने दिसते आणि मंजुरी मिळाली की कपाटात जाते. एकाच खाडीवर दहा वर्षांत पाच प्रकल्पांनी पाच वेळा पाणी मोजलं असेल तर ती पाच तुकड्यांतली मालिकाच आहे. ती एकत्र लावून पाहणारं कुणी नाही. वाढवणच्या अटींनुसार होणारी देखरेख तरी यातून सुटावी. दर सहा महिन्यांचे आकडे मराठीत, वरोरपासून सातपाटीपर्यंतच्या ग्रामपंचायतींत आणि मच्छीमार संस्थांच्या फलकावर लागावेत, चांगले असोत की वाईट.

एक काम तर उद्यापासूनही सुरू करता येईल. सातपाटीच्या मच्छीमार सहकारी संस्था पिढ्यान्‌पिढ्या सभासदांचं पापलेट विकत घेत आल्या आहेत. किती किलो आलं, कोणत्या प्रतवारीचं आलं, काय भाव दिला, हे सगळं हिशेबासाठी लिहावंच लागतं. प्रतवारी वजनावर असते, त्यामुळे मोठं पापलेट कधीपासून कमी झालं आणि लहान कधीपासून वाढलं, हे त्या वह्यांत कुणी मुद्दाम लिहिलं नसलं तरी नोंदलं गेलेलं आहे. संस्थांच्या संमतीने या वह्या स्कॅन करून त्यांचे आकडे संगणकावर चढवायला एखाद्या महाविद्यालयातले चार विद्यार्थी, दोन स्कॅनर आणि एक हंगाम पुरेल. जून-जुलैत तर संस्थांच्या कार्यालयांतही सवड असते.